शेंडेकाकांचा हीटर

नागपुरात भर मे महिन्यात मोटारीचा हीटर शोधत हिंडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे घरमालक होते. नाव सुधाकर शेंडे, पण मानेवाड्याच्या त्या गल्लीत सगळे त्यांना शेंडेकाका म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा.

माझी सांगलीहून नागपूरला बदली झाली आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर जागा मिळाली. ती दाखवायला काका स्वतः माझ्यासोबत वर आले. उंच, काटकुळा माणूस, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, आणि खिशात पेन असावं तिथे थर्मामीटर. नळाला पाणी कधी येतं, गॅस कुठून घ्यायचा, यातलं ते काहीच बोलले नाहीत. एका भिंतीला उलटा हात लावला, मग दुसऱ्या भिंतीला लावला, आणि म्हणाले, "मॅडम, पलंग या भिंतीले लावजा. ती पलीकडची पश्चिमेची भिंत हाय. तिच्यात दुपारची गरमी मुक्कामाले राह्यते."

हा उलटा हात म्हणजे काकांची ओळख होती. चहाचा कप आला की आधी उलटा हात. कलिंगडवाल्याकडे सगळे लोक कलिंगड वाजवून पाहत, काका उलटा हात लावून पाहत. एकदा आमच्या ऑफिसचे मोठे साहेब मला सोडायला दारापर्यंत आले होते. मी ओळख करून देईपर्यंत काकांनी त्यांच्या कपाळाला उलटा हात लावला आणि शांतपणे सांगितलं, "साहेब, तुमाले ताप हाय. घरी जा." साहेब खवळलेच. दुसऱ्या दिवशी ते रजेवर होते, टायफॉइडने.

हिंगण्याच्या एका कारखान्यात काकांनी एकतीस वर्षं नोकरी केली. काम एकच, यंत्रं थंड ठेवायची. यंत्रांतून निघालेलं गरम पाणी मनोऱ्यावर चढवायचं, पंख्याखाली पाडायचं, आणि गार झालं की परत यंत्रांकडे पाठवायचं. एकतीस वर्षं हेच पाणी वर नेलं आणि खाली आणलं. त्यातून त्यांचं एक वाक्य तयार झालं होतं आणि ते त्यांनी मला पहिल्या महिन्यात निदान वीस वेळा ऐकवलं. "थंडी नावाची वस्तूच नसते, मॅडम. असते ते गरमी. ते हितून उचलाची अन् दुसरीकडं नेऊन टाकाची. जगात दुसरं कायी नाही."

या वाक्यावर त्यांचा इतका विश्वास होता की ते कुठेही ते अमलात आणत. पुतणीच्या लग्नात मांडवात सहा मोठे कूलर लावले होते आणि तरी लोक घामाने निथळत होते. काकांनी पाहिलं की मांडव चारी बाजूंनी बंद आहे. "हवा आत येऊन राह्यली, पन जाईन कुठून?" असं म्हणून त्यांनी कोणालाही न विचारता मांडवाचा मागचा पडदा सोडवून टाकला. पाच मिनिटांत मांडवात खरोखर गारवा आला. त्याच वाटेने पलीकडच्या मैदानातल्या अकरा बकऱ्याही आल्या. मंगलाष्टकं चालू असताना एकीने नवरदेवाच्या मुंडावळ्या खाल्ल्या. काकांना त्या घरच्या लग्नांना पुढे बोलावणं आलं नाही. ती गोष्ट सांगताना ते एवढंच म्हणत, "पन गरमी कमी झाली होती का नाही, ते इचारा कोनालेबी."

कुसुमकाकू म्हणजे त्यांची बायको अगदी वेगळ्या मातीची. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, कमी बोलणारी, बोलली की नेमकं बोलणारी बाई. निवृत्तीनंतर घरात बसून करायचं काय, म्हणून त्या भाच्याच्या स्टुडिओसाठी लग्नाचे व्हिडिओ जोडायला शिकल्या. साठीच्या बाईला कानाला हेडफोन लावून, नवरीच्या मामाचं रडणं नेमकं किती सेकंद ठेवायचं, याचा विचार करत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. सगळे तुकडे कापून जोडून झाले की शेवटी कॉम्प्युटरला ते एकजीव करायला सांगायचं. या शेवटच्या कामाला साडेतीन तास लागत आणि तेवढा वेळ कॉम्प्युटर जीव तोडून राबे.

मे महिना म्हणजे लग्नसराई, आणि मे महिना म्हणजे नागपूर. काकूंचा कॉम्प्युटर काम अर्ध्यावर आलं की तापून आपोआप बंद पडायला लागला. एक लग्न तर तीनदा बुडालं. मूळचं सावनेरचं, आता नागपुरात राहणारं ते कुटुंब होतं. नवरीचे आजोबा नव्वदीचे. नातीच्या वरातीत ते काठी टाकून नाचले होते. त्यांची नजर झपाट्याने अधू होत चालली होती. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, दिसतंय तोवर नातीच्या शेजारी बसून तिचं लग्न पाहायचं. आणि नात रविवारी संध्याकाळच्या गाडीने मुंबईला आणि तिथून नवऱ्यासोबत परदेशी निघणार होती. काकूंनी शब्द दिला होता, रविवारी चार वाजता फिल्म घरात येईल.

तिसऱ्यांदा पडदा काळा झाला तेव्हा मी ताक मागायला खाली गेले होते. काकू खुर्चीत नुसत्या बसून होत्या. काकांनी कॉम्प्युटरच्या पत्र्याला उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"कधीपासून असं होऊन राह्यलं?"

"पंधरा दिवस झाले."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुमी काय करान? पडदा सोडान," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते माझ्या दारात उभे होते. "मॅडम, तुमच्या गाडीले हीटर हाय का?"

मी हो म्हणाले. गाडी जुनी होती, सांगलीहून आणलेली.

"कितीदा लावला?"

"एकदा. महाबळेश्वरला."

"म्हंजे नवाच हाय," काका म्हणाले आणि वळून खाली उभ्या माझ्या गाडीकडे अशा नजरेने पाहू लागले की मला धडकी भरली.

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. मोटारीत डॅशबोर्डच्या मागे वहीएवढी एक जाळी असते. इंजिनाचं गरम पाणी तिच्या नळ्यांतून फिरतं, पंखा तिच्यावर हवा मारतो, आणि पाण्यातली गरमी हवेत येते. तीच जाळी कॉम्प्युटरला जोडायची. कॉम्प्युटरच्या मेंदूवर तांब्याची एक पोकळ डबी बसवायची, तिच्यातून पाणी न्यायचं, ते तापलं की जाळीत आणून गार करायचं आणि परत पाठवायचं. दुकानात असलं तयार मिळतं, असं मी म्हणून पाहिलं. "ते बोटाएवढं राह्यते, मॅडम. हे इंजिनासाठी बनवलेलं हाय. कॉम्प्युटर म्हंजे याच्यासमोर अगरबत्ती." माझ्या गाडीचा हीटर काढायचा तर सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, हे त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं, म्हणून माझी गाडी वाचली. पण भंगार बाजारात त्यांना घेऊन जायचं माझ्याकडे आलं.

भंगारवाल्याने काकांची मागणी दोनदा ऐकली. "चाचा, सैंतालीस डिग्री चल रहा है," तो हळुवारपणे म्हणाला, "और आपको हीटर होना?" मग त्याने कोपऱ्यातला ढीग दाखवला. नागपुरात हीटर गळायला लागला की कोणी दुरुस्त करत नाही, काढून टाकतात. त्यामुळे त्याच्याकडे हीटरच हीटर होते आणि त्यांना विचारणारा पहिला माणूस आज आला होता.

काकांनी खिशातून खिळा काढला आणि एकेका जाळीच्या कडेला ओरखडा ओढायला सुरुवात केली. आत पिवळं किंवा तांबडं दिसलं तर उजवीकडे, पांढरं दिसलं तर डावीकडे. "कॉम्प्युटरवरची डबी तांब्याची राहीन. तांबं अन् ॲल्युमिनियम एका पान्यात सुखानं राहत नाही. एकजन दुसऱ्याले खाते." उजवीकडे नऊ उरल्या. मग त्यांनी कापडी पिशवीतून कॉम्प्युटरचा पंखा काढला आणि शिंप्याने बाहीचं माप लावावं तसा प्रत्येक जाळीला लावून पाहिला. पंख्याहून अरुंद असलेल्या दोन गेल्या. ज्यांची पाण्याची तोंडं दोन बाजूंना होती अशा दोन गेल्या, कारण टेबल भिंतीला लागून होतं आणि दोन्ही तोंडं एकाच बाजूला हवी होती.

"आता मॅडम, तुमी हितं उभ्या राहा."

मी उभी राहिले. काकांनी एक जाळी तोंडासमोर धरली आणि तिच्यातून माझ्या चेहऱ्यावर फुंकर मारली.

"लागून राह्यली का हवा?"

"थोडी."

"अन् आता?" त्यांनी दुसरी घेतली.

जाळीच्या पट्ट्या फार दाट असल्या तर छोट्या पंख्याची हवा पलीकडे पोचत नाही, हे त्यामागचं शास्त्र होतं. पण भंगार बाजाराला ते कसं माहीत असणार. एक बाई स्थिर उभी आहे आणि एक म्हातारा मोटारीच्या सुट्या भागांतून तिच्या तोंडावर फुंकर मारतोय, एवढंच लोकांना दिसत होतं. सात-आठ जण जमले. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं की हे कशावर आहे, त्याच्या मेव्हणीलाही अर्धशिशी होती.

शेवटी बादली मागवली गेली. जाळी पाण्यात बुडवायची, एका तोंडावर अंगठा दाबायचा, दुसऱ्यातून फुंकायचं. बुडबुडे आले की ती गळकी. काकांचा चेहरा जांभळा होईपर्यंत हे चाललं. एका जुन्या सरकारी जीपची जाळी तेवढी बुडबुड्याविना राहिली. घरी येताना ती त्यांच्या मांडीवर होती आणि आपला दुपट्टा त्यांनी तिच्यावर पांघरला होता. गाडीच्या खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या डोक्यावर होतं.

मग दोन दिवस त्या जाळीची अंघोळ चालली. आत जुन्या पाण्याचा गंज होता, तो काढायला काकांनी चिंचेचं कोमट पाणी वापरलं. काकूंना भिवापूरच्या बहिणीने मिरच्यांसोबत वर्षाची चिंच पाठवली होती, ती सगळी त्यात गेली. पुढचं वर्षभर त्या घरात आमटीला कोकम होतं. तेलाच्या रिकाम्या पिप्याचा पत्रा कापून काकांनी पंखा आणि जाळी यांच्यामध्ये चार बोटं लांबीची एक चौकोनी नळी बसवली. पंख्याच्या मधल्या भागातून हवा येत नाही, म्हणून पंखा जाळीला चिकटवला तर जाळीचा मधला भाग फुकट जातो, तेवढं अंतर हवंच, असं ते मला पटवत होते. मला ते केव्हाच पटलं होतं. लेथवाल्याकडून तांब्याची डबी आली. गवंडी ज्या पारदर्शक पाइपने लेव्हल काढतात तो पाइप आला. पंप कूलरचा, आणि पाण्याची टाकी म्हणून लोणच्याची बरणी. पाणी मात्र बॅटरीत घालतात ते शुद्ध. नळाचं पाणी त्या जाळीत जाऊ देणार नाही, असं काकांनी जाहीर केलं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता चाचणी सुरू झाली. कॉम्प्युटर बंद ठेवून नुसतं पाणी फिरवायचं आणि रात्री आठपर्यंत एक थेंबही गळत नाही याची खात्री करायची. काकांनी खाली सगळीकडे वर्तमानपत्रं पसरली आणि खुर्ची घेऊन शेजारी बसले. बातमी गल्लीत पसरली. एखाद्या आजाऱ्याला पाहायला यावं तसे लोक यायला लागले. चपला काढून आत येत, हळू आवाजात विचारत, "कसं काय?"

"आतापर्यंत तर ठीक हाय," काका तितक्याच हळू आवाजात सांगत.

समोरचे बोंद्रेआजोबा, निवृत्त हवालदार, येताना सहा केळी घेऊन आले. कोपऱ्यावर इस्त्रीचा ठेला चालवणाऱ्या रुखमाबाई दाराशीच उभ्या राहिल्या आणि काकूंना म्हणाल्या, "ताई, तुमी दोन घास खाऊन घ्या वं." काकू दाल भाजी ढवळत होत्या, त्यांनी नुसतंच पाहिलं.

दुपारी तीनला वर्तमानपत्रावर एक ओला ठिपका सापडला. काकांनी वाकून सगळे सांधे चाचपले, सगळे कोरडे. मग त्यांनी बोटाने तो ठिपका टिपला आणि जिभेला लावला. बराच वेळ विचार केला.

"खारट हाय," ते म्हणाले. "माझाच हाय." आणि नाकावरचा घाम पुसला.

शुक्रवारी कॉम्प्युटर चालू झाला. पूर्वी अठ्ठ्याण्णव डिग्रीवर जाऊन बंद पडणारा तो गडी पासष्टवर थबकला. काका तेवढ्यावर खूश नव्हते. त्यांनी खिडकीतल्या कूलरच्या तोंडाशीच ती जाळी बसवली. म्हणजे कूलरची गार हवा आधी जाळीला, जाळीतून तापून निघालेली हवा मग खोलीतल्या माणसांना. कॉम्प्युटर अठ्ठावन्नवर आला. माणसं घामाघूम झाली.

"तीस वर्स संसार केला," काकू म्हणाल्या, "मले कधी असा कूलर लावून देल्ला नाही."

"तू कधी अठ्ठ्यान्नव डिग्रीवर गेली नाही."

"गेली होती. तुमच्या थर्मामीटरवर दिसलं नाही."

काकांनी काकूंची खुर्ची उचलून जाळी आणि कूलर यांच्यामधल्या वीतभर जागेत ठेवता येते का, ते पाहिलं. नाही आली.

रविवारी सकाळी पावणेअकराला काकूंनी फिल्म एकजीव करायला लावली. सव्वादोनला ती तयार होणार होती. दीड वाजता दुपारच्या गरम वाऱ्यात कडुनिंबाची एक वाळकी फांदी खांबावरच्या तारांवर पडली. मी वरच होते. माझ्या खोलीतला दिवा आधी पेटलेलाच नव्हता असं वाटावं इतका एकदम लख्ख झाला. गल्लीतल्या सगळ्या घरांतले कूलर एका सुरात मोठ्याने गुरगुरले, आणि मग सगळं बंद. पाठोपाठ जळकट वास. जो जो पंप चालू होता तो तो विजेचा दाब एकदम वाढल्याने जळला होता.

मी धावत खाली गेले. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो चालू होता. कूलर आणि पाण्याचा पंप मात्र भिंतीतल्या साध्या बटणावर होते, ते गेले. पाइपमधलं पाणी थांबलं होतं. पडद्यावर अठ्ठ्याहत्तर टक्के होते आणि शेजारी डिग्री चढत होती. बहात्तर. सत्याहत्तर.

काका नुसते उभे होते. त्यांचे दोन्ही हात खाली लोंबत होते. तेवढ्यात काकू त्यांच्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "अहो, गरम होऊन राह्यलं."

काका हलले. "पंप काय करते?" ते मला म्हणाले. "पानी वर नेते. ते आपनबी करू शकतो."

माझ्याकडे येणारा जिना त्यांच्या खिडकीच्या बाहेरूनच वर चढत होता. अकराव्या पायरीवर चौकोनी जागा होती. तिथे काकांनी स्टीलचा मोठा डबा ठेवला, पाइपचं एक टोक त्यात बुडवलं, पाइप खिडकीतून आत घेऊन डबीला जोडला. पाणी वरून आपोआप उतरणार, डबीतून आणि जाळीतून जाऊन टेबलाखालच्या बादलीत पडणार. ती बादली उचलायची, दाराने बाहेर, अकरा पायऱ्या वर, डब्यात ओतायची. जाळीवरचा पंखा कॉम्प्युटरच्याच विजेवर चालत होता, तो चालूच होता. पण दोन बादल्या भरतील एवढं बॅटरीचं पाणी घरात नव्हतं. आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी अंगावर घेतलं तर फोड येतील असं असतं.

"माठाचं पानी," काका म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला. त्या जाळीला त्यांनी आतापर्यंत किती जपलं होतं. "आना. ज्याच्या घरी जेवढं असन तेवढं आना."

गल्लीतले लोक तसेही कूलर गेल्यामुळे बाहेरच बसले होते. प्यायचं पाणी तांब्यातून, घागरीतून, पाच मिनिटांत आलं. रांग आपोआप लागली. शेजारचे दोघे भाऊ, रुखमाबाई, मी, स्टुडिओतून काम विचारायला आलेला भाचा. बोंद्रेआजोबांना पायऱ्या चढता येत नव्हत्या, त्यांनी खाली उभं राहून वाहतूक सांभाळली. रिकामी बादली उतरत असेल तर भरलेलीला थांबा म्हणायचे. तीन मिनिटांना एक बादली. पडद्यावरचा आकडा सत्त्याऐंशीला जाऊन अडखळला आणि सत्तरवर उतरून बसला.

कोणाची तरी सून बर्फाचा ट्रे घेऊन आली. काका किंचाळायचेच बाकी होते. "बर्फ नको वं, बाई. डबी जास्त गार झाली तर तिच्यावर दव धरते. आत सगळी वीज हाय." मग त्या बर्फाचं कैरीचं पन्हं झालं आणि ते रांगेत फिरलं.

काकू आतून टक्के सांगत होत्या. "एक्क्याऐंशी." जिना मान डोलवायचा. बादली घ्यायला आत गेलेला प्रत्येक जण पडद्यासमोर क्षणभर थांबायचा, कारण एका कोपऱ्यात ती फिल्म सरकताना दिसत होती आणि नेमके आजोबा नाचत होते. "पाहून राहू नका, पानी खपून राह्यलं," काका वरून ओरडायचे.

अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर वीजवाला खांबावर चढला. फांदी काढली, तारा सारख्या केल्या आणि खाली हाक मारली, "चालू करू का?"

"नका करू," काका जिन्यावरून म्हणाले.

वीजवाल्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. नोकरीत त्याला असं उत्तर कधी मिळालं नसावं. काकांनी त्याला सांगितलं की वीज येताना झटका बसला तर इन्व्हर्टर दगा देईल, आणि बारा टक्के राहिलेत. वीजवाल्याने गल्लीकडे पाहिलं. सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले होते, शेहेचाळीस डिग्रीच्या उन्हात लोक बादल्या घेऊन उभे होते. पंखा तरी मिळाला असता. बोंद्रेआजोबांनी हात वर केला आणि हवालदारी आवाजात म्हणाले, "थांबा म्हनते ना तो. थांबा."

वीजवाला फ्यूज हातात धरून सावलीला बसला. पन्ह्याचा पेला त्यालाही गेला.

चौऱ्याण्णवला इन्व्हर्टर पिकपिक वाजू लागला. नुसत्या बादल्या चढत होत्या आणि उतरत होत्या. काकू "झालं" म्हणाल्या ते इतक्या हळू की पहिल्यांदा कोणालाच कळलं नाही. मग त्यांनी फिल्म पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, तो रुमालात बांधला, तोंडाला दुपट्टा गुंडाळला आणि स्कूटरला किक मारली. त्या गल्लीच्या तोंडाशी पोचल्या असतील नसतील, कॉम्प्युटर इन्व्हर्टरसकट बंद पडला.

साडेसहाला काकू परत आल्या तेव्हा आम्ही सगळे त्या जिन्यावरच बसलो होतो. त्यांनी सांगितलं, आजोबांना टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसवलं होतं, नात त्यांचा हात धरून शेजारी. आजोबा मन लावून पाहत होते. वरातीचा भाग आला तेव्हा ते पुढे वाकले आणि चिडून म्हणाले, "हा कोन म्हातारा नाचून राह्यला? त्याले बसवा ना कोनी. पडन तो." नात हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. आजोबांनी ते सगळं पुन्हा दाखवायला लावलं. दुसऱ्यांदा पाहून म्हणाले, "पन नाचते मस्त."

सगळे हसले. काकांनी एकच प्रश्न विचारला. "टीव्हीच्या मागं हवेले जागा होती का?"

लोक गेल्यावर ते बादली घेऊन डबा रिकामा करायला आले. मी मदतीला होते. ते म्हणाले, "कारखान्यात एकतीस वर्स पानी फिरवलं, मॅडम. पन मशीन थंडी राह्यली की थंडी ठेवनाऱ्याची आठवन कोनाले येते? बंद पडली तरच येते, अन् तवा शिव्या येते." बादली उपडी करत म्हणाले, "आज पह्यल्यांदा इतक्या लोकायनं एकदम पाह्यलं." मग त्यांनी जाळीत गेलेल्या माठाच्या पाण्याची आठवण होऊन सुस्कारा सोडला आणि चुकूनमाकून चिंच शिल्लक आहे का ते पाहायला आत गेले.

पुढे पंप नवा आला आणि जाळी तिथेच राहिली. थंडीत तर तिला फार मागणी आली. डिसेंबरात शेजारच्या घरात बाळ झालं, त्याची दुपटी वाळेनात. मग त्याची आई दाराशी येऊन विचारी, "काकू, आज एखादं लग्न बनवून राह्यल्या का? कपडे वाळवाचे होते." काकूंकडे काम नसलं तर त्या एखादं जुनंच लग्न पुन्हा लावत. त्या बाळाची दुपटी निदान चाळीस अनोळखी लग्नांवर वाळली असतील.

दोन वर्षांनी माझी बदली परत सांगलीला झाली. नंतर एकदा ऑफिसच्या कामासाठी मे महिन्यात एका दिवसाकरता नागपूरला गेले होते. घरी जायला वेळ नव्हता. मी रिक्षात होते आणि चौकात लाल दिवा लागला. उन्हाळ्यात तिथे सिग्नलला थांबणाऱ्यांसाठी रस्त्यावर हिरवी जाळी बांधतात, तिच्या सावलीत सगळ्या गाड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. चार गाड्या पुढे काकू स्कूटरवर होत्या, गळ्यात मोठा कॅमेरा. त्या आता चित्रीकरणही स्वतःच करायला लागल्याचं मी ऐकलं होतं. मागे काका, एका हातात कॅमेऱ्याचा ट्रायपॉड भाल्यासारखा उभा धरून. त्यांनी मला पाहिलं नाही. ते दुसऱ्या हाताने वरच्या जाळीकडे दाखवत काहीतरी समजावत होते, बराच वेळ, अगदी तपशिलात. काकूंच्या डोक्यावर हेल्मेट होतं आणि त्याखाली दुपट्टा, त्यांना एक शब्दही ऐकू जात नसणार. तरी त्या मधून मधून मान हलवत होत्या.

हिरवा दिवा लागला. सावली सोडायची कोणालाच घाई नव्हती. काकूंनी हॉर्न वाजवला, पुढच्याला बाजूला केलं आणि दोघं उन्हात निघून गेले. काकांचा हात अजून वर होता.